‘आजी, लाडू अनहेल्दी असतो’: मुलांच्या डोक्यातला डबा

प्रश्न: माझी मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत आहे. शाळेत यंदा ‘हेल्दी टिफिन’ उपक्रम सुरू झालाय. वर्गात तक्ता लावलाय. डब्यात चांगलं आणलं की नावापुढे हिरवी चांदणी, ‘जंक’ आणलं की लाल. परवा सासूबाईंनी बेसनाचा लाडू पुढे केला तर ही म्हणाली, ‘आजी, लाडू अनहेल्दी असतो, मी नाही खाणार.’ सासूबाई दुखावल्या. गंमत म्हणजे हिरवी चांदणी मिळालेला डबा अर्धा परत येतो आणि घरी आल्या आल्या बिस्किटांचा पुडा संपतो. तिला समजावू तरी काय?

उत्तर:

ताई, सासूबाईंना आधी एवढं सांगा की नात उद्धट झालेली नाही. उलट ती फार आज्ञाधारक आहे आणि अडचण तिथेच आहे. बाईंनी वर्गात दोन रकाने आखून दिले, तिने घरी येऊन फडताळातल्या डब्यांना तेच रकाने लावून पाहिले. लाडू गोड, गोड म्हणजे लाल चांदणी. दुसरीतल्या मुलीने याहून वेगळं काय करायचं?

मुलांच्या आहाराचं काम मी गेली बावीस वर्षं करते आहे. सुरुवातीची सहा-सात वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये गेली, नंतर पुण्यात स्वतःचं क्लिनिक आणि त्याला जोडून शाळांमधले तास. कुठल्याही वर्गात गेले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘पौष्टिक म्हणजे काय रे?’ उत्तरं वहीत उतरवून ठेवायची सवय आहे. ‘जे आवडत नाही ते.’ ‘हिरवं असतं ते.’ ‘आई ओरडून देते ते.’ ‘ज्यात मैदा नसतो ते.’ (हे गेल्या काही वर्षांतलं. पूर्वी दुसरी-तिसरीच्या मुलांना मैदा नावाचा शत्रू माहीत नव्हता.) तिसरीतला एक जण म्हणाला, ‘ज्याचा टीचर फोटो काढतात ते.’ आणि चौथीतली एक मुलगी, मुळातच काटकुळी, म्हणाली, ‘बारीक होण्यासाठी खातात ते.’ त्या उत्तरापुढे मी तारीख घालून ठेवली आहे.

मग एक चित्र काढायला सांगते. कागदावर दोन डबे काढा, एक टीचरना आवडेल असा आणि एक तुम्हाला हवा असा. पहिल्या डब्यात हमखास सफरचंद, गाजर आणि ब्रोकोली. ब्रोकोली कुणी कुणी खाल्ली आहे म्हणून विचारलं तर चाळीस मुलांत तीन हात वर. दुसऱ्या डब्यात पिझ्झा, नूडल्स, फ्राइज. पण मला खटकतं ते वेगळंच. वरणभात, आमटी, पोळी, मटकीची उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी यांतलं काहीच दोन्ही डब्यांत नसतं. रोज रात्री ताटात जे पडतं ते मुलांच्या लेखी हेल्दीही नाही आणि जंकही नाही. ते नुसतं जेवण. त्याचं चित्र तक्त्यावर नाही, म्हणून त्याला नाव नाही. तुमच्या मुलीने लाडू हातात घेतला तेव्हा तिच्याकडे दोनच खोकी होती. सगळ्यात मोठं तिसरं खोकं तिला कुणी दिलंच नव्हतं.

यात वयाचाही भाग आहे. साधारण दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त असते. तिथे ‘हेल्दी’ वगैरे शब्दांना काही अर्थ नाही, ओळखीचं की अनोळखी एवढाच प्रश्न असतो. सात-आठचं वय नियमांचं. लगोरीत कुणी नियम मोडला तर ही मुलं ज्या तावातावाने भांडतात, तेवढ्याच निष्ठेने खाण्याचे नियम पाळतात आणि दुसऱ्यांना पाळायला लावतात. नियमात ‘थोडं चालेल’ बसत नाही. प्रमाण ही कल्पना डोक्यात शिरायला बराच वेळ लागतो. मोठ्यांना तरी कुठे जमते म्हणा! मधुमेहाची गोळी खिशात असलेले काका लग्नात बासुंदीची दुसरी वाटी ‘आजच्या दिवस’ म्हणून रिचवतातच. दहा-अकराच्या पुढे डब्याचा विषय मित्रांकडे आणि आरशाकडे जातो, तो निराळाच प्रकार. तुमच्या हातात अजून दोन-तीन वर्षं आहेत.

तर समजवायचं काय? मुलांना निकाल सांगू नका, कामकाज सांगा. हे मी माझ्या मनाने म्हणत नाही. जपानमध्ये कायोको इनागाकी आणि गियो हातानो या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना विचारलं होतं की आपण रोज जेवतो कशासाठी. समोर तीन पर्याय होते. छान छान खावंसं वाटतं म्हणून, पोट अन्नातून जीवनशक्ती घेतं म्हणून, की अन्नाचं रूप पोटात बदलतं आणि मग ते शरीरात शोषलं जातं म्हणून. सहा वर्षांची मुलं बहुतेक करून मधला पर्याय निवडत. शास्त्र म्हणून तो कच्चा आहे, पण अन्नातून काहीतरी निघून अंगात जातं आणि त्यावर आपण वाढतो, हे मुलाला कुणी न शिकवता उमगलेलं असतं. ती त्याची स्वतःची जमीन आहे. आपण मात्र तिच्यावर पेरायचं सोडून वर चांदण्या चिकटवतो.

यावर २०१३ मध्ये अमेरिकेत सारा ग्रिपशोवर आणि एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग केला. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी गोष्टींची पाच पुस्तकं बनवली. त्यांत ‘भाजी चांगली असते’ असं ठसवण्यावर भर नव्हता. अन्नात डोळ्यांना न दिसणारे वेगवेगळे घटक असतात, पोट ते मोकळे करतं, रक्त ते अंगभर नेतं, आणि वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे घटक लागतात म्हणून एकच एक पदार्थ खाऊन भागत नाही, एवढंच टप्प्याटप्प्याने सांगितलं होतं. नंतर खाऊच्या वेळी ही मुलं आपणहून भाजी घेऊ लागली, आधीच्या दुपटीहून जास्त. पुढच्याच वर्षी मिखाल मायमारान आणि आयलेट फिशबाख यांच्या प्रयोगात नेमकं उलट दिसलं. ‘ही बिस्किटं खाल्ली की ताकद येते’, ‘गाजर खाल्लं की मोजता येतं’ असं ऐकलेल्या मुलांनी, काहीच न ऐकलेल्या मुलांपेक्षा कमी खाल्लं. मुलाचा हिशेब सरळ आहे. औषधासारखं उपयोगी आहे म्हणजे चवीला वाईट असणार, नाहीतर ही मोठी माणसं एवढा आग्रह कशाला करतील?

दोन्ही प्रयोगांत मोठ्यांनी उपयोगच सांगितला, मग फरक का पडला? माझ्या मते एका ठिकाणी घोषणा होती आणि दुसऱ्या ठिकाणी गोष्ट. ‘पालक खा, ताकद येईल’ ही घोषणा. मूल पालक खातं, दंडाला हात लावून बघतं, काही फुगलेलं नसतं, विषय संपतो. ‘तू पळतेस तेव्हा धाप लागते ना? श्वासातली हवा रक्तातले छोटे छोटे हमाल पायांपर्यंत वाहून नेतात. ते हमाल बनवायला लोह लागतं. ते मेथीत असतं, मटकीत असतं, हळिवात असतं. वरून लिंबू पिळलं की पोट ते जास्त घेतं,’ ही गोष्ट. यात पडताळता येतील असे धागे आहेत. मूल पुढचा प्रश्न विचारतं. आठ वर्षांच्या एकाने मला विचारलं होतं, ‘मग हमाल रात्री झोपतात का?’ त्या मुलाच्या डब्यातली उसळ संपायला लागली हे त्याच्या आईने दीड महिन्यानंतर फोन करून सांगितलं. लगेच नव्हे, दीड महिन्याने. हे मुद्दाम सांगते, कारण आईवडील माझ्याकडून सोमवारपासून फरक मागतात.

लाडवाचंही असंच. ‘लाडू हेल्दीच असतो, आजीने घरी केलाय’ असं सांगायला जाऊ नका. ते तिच्या बाईंच्या विरुद्ध होईल आणि खरंही नाही. त्यात साखर भरपूर असतेच. तिला लाडू उलगडून दाखवा. यात बेसन आहे, म्हणजे हरभऱ्याची डाळ, ते बांधकामाचं सामान. तूप आहे, ते सावकाश जळणारं इंधन. साखर आहे, ती कागदासारखी भसकन जळते आणि संपते, वर दातांवरच्या किड्यांनाही आवडते. म्हणून लाडू एक खायचा, जेवणानंतर खायचा आणि चूळ भरायची. एवढं साडेसात वर्षांच्या मुलीला पुरतं आणि समजतं. मग तिलाच विचारा, लाडवाला कुठली चांदणी द्यायची? माझ्याकडे आलेल्या अशाच एका मुलीने बराच विचार करून ‘पट्ट्यापट्ट्यांची’ असं उत्तर दिलं होतं. प्रमाणाची पहिली जाणीव यापेक्षा चांगल्या शब्दांत मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही.

चांदण्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलते. बक्षीस लावून खायला लावण्यावर जुने प्रयोग आहेत आणि ते बक्षिसाच्या विरोधात जातात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लियान बर्च यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की एखादं पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं की नंतर त्याच पेयाची आवड घटते. आपल्याकडचं ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे तेच. मुलाला त्यातून एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट ही कमाई. बंदीचंही तसंच. फिशर आणि बर्च यांच्या १९९९ च्या प्रयोगात एक खाऊ मुलांच्या डोळ्यांसमोर पारदर्शक बरणीत ठेवला, पण ठरावीक वेळीच खायला दिला. मुलं सारखी त्याच खाऊबद्दल बोलायला लागली आणि मिळाला की त्याच्यावर तुटून पडायला लागली. तुमच्या घरचा बिस्किटांचा पुडा आठवला ना?

(सोपे तोडगे सगळ्यांनाच हवे असतात. सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावलं की मुलं सफरचंद उचलतात, असा ब्रायन वॅन्सिंक या अमेरिकी संशोधकाच्या गटाचा एक शोधनिबंध फार गाजला होता. मीही त्याच्या जोरावर एका शाळेत स्टिकर वाटले होते. २०१७ मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला. आठ ते अकरा वर्षांची म्हणून सांगितलेली मुलं प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षांची निघाली, असा त्यातला घोळ. माझे स्टिकर मुलांनी कंपासपेटीवर लावले, सफरचंदं परत आली.)

आता अर्ध्या परत येणाऱ्या डब्याकडे येते. इथे माझं मत बहुतेक आईवडिलांना आवडत नाही. परत आलेल्या डब्याचा आणि मूल आहाराबद्दल काय विचार करतं याचा संबंध फार थोडा असतो. मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराशी उभी राहून मी जेवढं शिकले तेवढं पदवीत शिकले नाही. सुट्टी कागदावर वीस मिनिटांची. त्यात चार मिनिटं बाई गृहपाठ सांगतात, पाच मिनिटं हात धुवायच्या रांगेत, उरलेल्यातली निम्मी मैदानाकडे डोळे लावून. पाच-सहा मिनिटांत जेवढे घास जातील तेवढे जातात. सुकी भेंडी आणि गार होऊन चिवट झालेली पोळी चावायलाच तेवढी मिनिटं लागतात. पहिलीतल्या एका मुलाला माझ्याकडे ‘भूकच लागत नाही’ म्हणून आणलं होतं. आठवडाभराने शाळेत जाऊन पाहिलं तर त्याला डब्याची क्लिप उघडत नव्हती. मावशींना सांगायची लाज वाटायची. मित्राने उघडून दिला तर खायचा, मित्र गैरहजर असला तर उपाशी. नवा, गळत नाही म्हणून कौतुकाने घेतलेला महागाचा डबा होता. साधा फिरकीच्या झाकणाचा डबा दिला, भूक आली.

त्याहून खोल एक गोष्ट असते आणि ती मूल सहसा घरी सांगत नाही. डबा हा वर्गात घराची खिडकी उघडल्यासारखा असतो. झाकण उघडलं की वास सुटतो आणि वासाबरोबर बरंच काही सगळ्यांना कळतं. ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणणारा मुलगा डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आड खाताना मी पाहिला आहे. सुकट-बोंबलाचा वास आला म्हणून बाक बदलून मागणारी मुलं पाहिली आहेत, आणि त्यानंतर ‘मला फक्त जॅम-ब्रेड दे’ म्हणून हट्ट धरणारी मुलगीही. तिची आई मला सांगत होती, ‘हिला मासे आवडेनासे झालेत.’ आवडेनासे कुठले! रविवारी घरी ती दोन तुकड्या खायची. काही शाळा ‘डब्यात फक्त शाकाहार’ अशी सूचना काढतात आणि तिला ‘हेल्दी’चं वेष्टण लावतात. अंडं आणि मासळी पौष्टिक नाहीत असं आहारशास्त्र कुठेही म्हणत नाही. तो निर्णय दुसऱ्या कारणांनी होतो, पण मुलाच्या डोक्यात घुसतं ते असं की आमच्या घरचं खाणं वाईट, म्हणजे आमचं घर वाईट. लाल चांदणीचा खरा धोका मला हाच वाटतो. ती पदार्थाला दिलेली असते, पण चिकटते मुलाच्या नावापुढे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत हा प्रश्न मला कधी दिसला नाही. तिथले प्रश्न वेगळे. सरकारी शालेय पोषण आहार १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाला तेव्हा बऱ्याच ठिकाणी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, म्हणजे तो सगळ्या घराचा व्हायचा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, आणि आपल्याकडे खिचडी आली. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. डाळ पातळ असायची, भाजीचं तर विचारू नका, हे मी स्वतः मोजमापाचा पेला घेऊन पाहिलेलं आहे. पण व्हरांड्यात पंगत बसली की सगळ्यांच्या ताटात तेच. झाकण नाही, खिडकी नाही, तुलना नाही. घरी वाटाण्याला हात न लावणारी मुलं शेजारच्याचं बघून वाटाण्याची उसळ खायची. खिचडी हेल्दी आहे का, असा प्रश्न तिथे एकाही मुलाने मला विचारला नाही. ‘आज कशाची?’ एवढाच प्रश्न. २०२३ च्या अखेरीस राज्यात आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. त्या काळात जुन्या शाळेत गेले होते तर मुलं वारांची नावं सोडून ‘अंड्याचा दिवस’ म्हणत होती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा वेगळा निधी थांबवला. वाढत्या वयात आठवड्याचं ते एक अंडं म्हणजे काही चैन नव्हती.

हे अशासाठी सांगते, की ‘हेल्दी टिफिन’ची सगळी चर्चा मुलं जास्त खातात या गृहीतकावर चालते. केंद्र सरकारच्या २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत साधारण २३ टक्के वयाच्या मानाने कृश होती आणि जास्त वजनाची ४ टक्क्यांच्या आसपास. रक्तक्षय जवळजवळ चौथ्या हिश्शाला. शहरी खाजगी शाळांत लठ्ठपणा जास्त दिसतो हे खरं, पण त्याच वर्गात शेजारच्या बाकावर काटकुळं मूलही असतं, आणि तक्ता दोघांना एकच.

शाळेची बाजूही मांडते, नाहीतर अन्याय होईल. आपल्या राज्याने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ ठेवू नयेत असा निर्णय काढला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला मनाई केली. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारे फलक, लावायला सांगितलं. या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. थंड पेयाच्या बाटलीत किती चमचे साखर आहे हे मुलांनी स्वतः चमच्याने मोजून पाहिलं की ती थक्क होतात. ती मोजणी वर्षभर लक्षात राहते. पण ते सगळे नियम विकणाऱ्यावर नाहीतर शाळेवर आहेत. तुमच्या शाळेने त्याचा तक्ता करून लहान मुलांच्या नावापुढे टांगला. डबा काय भरायचा हे दुसरीतली मुलगी ठरवते का? ती शिक्षा आईला आहे, पण वर्गात उभी राहते ती मुलगी.

बाईंना भेटा. भांडू नका, त्यांनाही वरून सूचना आलेली असते. सुचवा की नावांऐवजी वर्गाचा मिळून एक तक्ता करू. आज सगळ्यांच्या डब्यांत मिळून किती रंग होते, किती डाळी होत्या, किती जणांनी नवीन काही चाखलं. मी हे दोन शाळांत करून पाहिलं. एकीकडे छान चाललं. दुसरीकडे बाई बदलल्या आणि महिन्याभरात चांदण्या परत आल्या.

राहिला तुमच्या घरचा भाग. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. डब्यातून त्याचा पाव ते तिसरा हिस्सा गेला तरी बस. म्हणजे दोन लहान पोळ्या, कडधान्याची थोडी सुकी उसळ किंवा अंड्याची भुर्जी, आणि काकडीच्या चार चकत्या. आपण भरतो त्याच्या निम्मंच. आई डबा आपल्या काळजीच्या मापाने भरते, मूल सुट्टीच्या मापाने खातं. चार घासांत संपणारं काहीतरी द्या. पोळीला लसणीची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि तूप लावून सुरळी, मुगाचं धिरडं, थालीपिठाचे चौकोन, फोडणीची पोळी, मेथीचे ठेपले, दडपे पोहे. (परदेशात राहणारी आपली मंडळी वाचत असतील तर शाळेचा शेंगदाण्याबद्दलचा नियम आधी विचारा. तिकडे अनेक शाळांत तो डब्यात चालत नाही आणि ते कारण गंभीर आहे.) रविवारी संध्याकाळी तिला शेजारी बसवून पुढच्या आठवड्याचे डबे ठरवा, पण ‘काय हवं?’ असं मोकळं विचारू नका. ‘मंगळवारी मटकी की मूग?’ असं विचारा. काय, केव्हा, कुठे हे आपण ठरवायचं आणि किती, किंवा मुळात खायचं की नाही हे मुलाने, ही अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी माझ्या कामाचा कणा आहे. आईवडिलांना पहिला अर्धा भाग जमतो. दुसऱ्या भागाला हात थरथरतो.

नकोशी भाजी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, काही न बोलता, चमचाभरच. तीन वेळा नाकारली की घरं ‘हिला गवार आवडत नाही’ असं कायमचं जाहीर करून टाकतात आणि मुलीलाही ते पाठ होतं. पाहुण्यांसमोर तर अजिबात म्हणू नका. मुलं आपली ख्याती सांभाळतात.

आणि बिस्किटांबद्दल तिला बोलणं बंद करा. घरी येते तेव्हा तिला खरी भूक लागलेली असते, सकाळपासून पाच-सहा तास झालेले असतात आणि हाताशी पुडाच असतो. ती पावणेदोनला येत असेल तर पावणेदोनला ताटात गरम वरणभात, लिंबाची फोड आणि तूप असू दे, पुडा वरच्या फडताळात. लपवू नका, फक्त हाताच्या उंचीवरून काढा. संध्याकाळी दोन बिस्किटं दुधाबरोबर खाल्ली तर काही बिघडत नाही. चहा मात्र जेवणाला लागून देऊ नका, तो लोह अडवतो. या वयाला चहाच नको खरं तर, पण पुष्कळ घरांत तो बशीतून सुरू झालेला असतो.

मग डॉक्टरांकडे केव्हा जायचं? सहा महिन्यांत वजन-उंची अजिबात सरकली नाही, खडू, माती किंवा भिंतीचा पापुद्रा खाते, जिना चढून दमते, घास तोंडात नेताच ओकारी येते, किंवा खाण्याच्या पदार्थांची यादी कमी कमी होत हाताच्या बोटांवर आली, तर हिमोग्लोबिन करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि ‘मी जाड आहे का?’ हा प्रश्न दुसरीत असतानाच वारंवार यायला लागला तर तोही तेवढाच गंभीर समजा. अशा घरांत मी आधी आईला विचारते, की तुम्ही स्वतः आरशासमोर काय बोलता? आठवड्याच्या उपवासाला ‘वजन कमी करायला बरा’ असं मुलीसमोर म्हणता का?

सासूबाईंची समजूत मात्र तुम्ही घालू नका, नातीला घालू दे. येत्या रविवारी दोघींना बेसन भाजायला बसवा. बेसन ओळखीच्या वासाला येईपर्यंत हलवत राहायचं, मग उतरवून कोमट होऊ द्यायचं, मग पिठीसाखर. नातीला साखर मोजायला लावा आणि सासूबाईंना विचारू दे, ‘तुमच्या बाईंच्या हिशेबाने किती घालू?’ पहिला लाडू वळताना तिच्या हातात फुटेल. फुटलेला तिथेच खाऊन टाकायचा असतो, हा आमच्याकडचा नियम, तुमच्याकडेही असेलच. आणि सोमवारी सकाळी डबा दप्तरात ठेवण्याआधी झाकण एकदा तिच्याकडून उघडून घ्या.